आईला घेऊन वाळवंटातल्या समुद्रावर: रास अल खैमाला जावं का?

राकसकोप:
मंडळी, सल्ला हवाय. धाकटा भाऊ शारजात नोकरीला आहे. चार वर्षं "या, या" म्हणत होता, आता अमिरातीतल्याच रास अल खैमात समुद्रकाठच्या एका रिसॉर्टचं पाच रात्रींचं ठरवूनच मोकळा झालाय. बेळगावच्या टिळकवाडीहून आम्ही पाच जण: मी, बायको, मुलगी अकरा वर्षांची, मुलगा सहाचा, आणि आई. आई अडुसष्ट. गुडघे कुरकुरतात, बीपी-शुगरच्या गोळ्या चालू.

अडचण आईचीच आहे. तिचं म्हणणं, "खुळा झालाईस काय? समुद्र बघायला समुद्र ओलांडून कोण जातंय? वेंगुर्ला काय वाहून गेलं काय?" यावर माझ्याकडे उत्तर नाही. आंबोली उतरलं की तीन तासांत वेंगुर्ला, हे खरंच आहे.

दुसरी अडचण सुट्टीची. आमच्या मुलांची मोठी सुट्टी दसऱ्याची. शिनोळी ओलांडून महाराष्ट्रात गेलं की ती दिवाळीची होते, त्यामुळे चंदगडच्या मेहुण्याचं आणि आमचं कधीच जमत नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला तिकडे जाणं शहाणपणाचं आहे का? विमान गोव्याहून धरावं की मुंबईहून? आणि पाच दिवस एकाच रिसॉर्टात माणूस करतो काय?

चोर्ला_घाट:
आपल्या बेळगावच्या विमानतळावरून, सांबऱ्याहून, परदेशी विमान नाही, तेव्हा ते विसरा. मुंबई म्हणजे रात्रभर बस आणि वर विमानतळावर ताटकळणं, आईंना नको. गोव्यातलं मोपा बघा. आंबोली, सावंतवाडी, बांदा करून गेलात की विमानतळ बांद्याच्या पुढेच. नाव चोर्ला असलं तरी मी स्वतः पावसाळ्यानंतर लगेच चोर्ल्याने जात नाही, रस्त्याची काय अवस्था असेल सांगता येत नाही. तिकीट काढतानाच आईंसाठी व्हीलचेअर मागून ठेवा. पैसे पडत नाहीत आणि रांगेतून सगळ्या कुटुंबाची सुटका होते. याला लबाडी म्हणू नका, गुडघे खरेच दुखतात ना.

निपाणीकर:
आईंचं बरोबर हाय. तारकर्ली हाय, मालवण हाय, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ पाण्याखाली जाऊन मासे बघता येतात. मासळीचं ताट आपल्या जिभेचं. ते सोडून वाळवंटात जायचं, तिथं पोहायचा तलाव बघायचा, आणि फोटो टाकायचे. हौसेला मोल नाही म्हणतात ते हेच. बाकी तुमची मर्जी.

मस्कतवासी:
मूळचा खानापूरचा. आखातात चौदा वर्षं, त्यातली पाच रास अल खैमात काढली. नाव नंतर मस्कतला आल्यावर घेतलं.

ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा टाळा. दिवसा पारा 35-36 वर असतो आणि समुद्रही 30 च्या वर. त्या पाण्यात उतरलं की पोहतोय असं वाटतच नाही, कुणीतरी आपल्याला भिजत घातलंय असं वाटतं. उन्हाळ्यात रिसॉर्टवाले दर पाडतात ते काही दानत म्हणून नव्हे. नोव्हेंबर ते मार्च हा खरा हंगाम. पण जानेवारीत पाणी 22 अंशांपर्यंत उतरतं, आपल्या माणसांना ते गार लागतं. मधली वेळ गाठा: ऑक्टोबर संपताना ते नोव्हेंबरचा मध्य. हवा 32 च्या आसपास, पाणी 28 च्या.

आता निपाणीकरांसाठी. वेंगुर्ला आणि हा समुद्र यांची तुलना करूच नये, कारण दोन्हींची घडणच वेगळी. आपल्या खानापूर तालुक्यात म्हादई उगम पावते, तीच खाली मांडवी होऊन पणजीला समुद्रात जाते. म्हणजे तुम्ही मिरामारला पाय बुडवता तेव्हा त्यात थोडं खानापूरचं पाणी असतं आणि खानापूरची मातीही. कोकणातली प्रत्येक नदी घाटातून असा गाळ आणून ओतते. आंबोलीत वर्षाला सात हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. अमिरातीत बारमाही नदी एकही नाही आणि पाऊस वर्षाला शंभर मिलिमीटरच्या आसपास, तोही पडला तर. गाळ आणायला कुणी नाही, म्हणून पाणी नितळ. पायाची नखं मोजता येतात.

दुसरं, आखात उथळ आहे. सरासरी खोली जेमतेम 35 मीटर. वरून ऊन, बाफ होऊन जाणारं पाणी भरून काढायला पाऊस नाही, त्यामुळे खारटपणा जास्त. मोकळ्या महासागरात लिटरला 35 ग्रॅम मीठ धरतात, तिथं 40 च्या वर. मृत समुद्रासारखं कुणी पेपर वाचत तरंगत नाही, पण अंग थोडं हलकं वाटतं एवढं खरं.

एक जपा. वायव्येकडून शमाल नावाचा वारा सुटला की हाच शांत समुद्र दोन-तीन दिवस खवळतो आणि किनाऱ्यावर लाल बावटा लागतो. त्या दिवशी हट्ट करायचा नाही. आणि उथळ पाण्यात पाय उचलून नको, घासत घासत चाला. वाळूत पाकट बसलेली असते. पाय घासला की ती निघून जाते, पाय पडला तर काटा मारते.

निपाणीकर:
पाकट आम्ही खातो.

शहापूरची_सून:
आईंच्या बाजूने लिहिते, कारण सासूबाईंना घेऊन मी हे सगळं एकदा केलंय.

पहिली आणि सर्वात महत्त्वाची गोष्ट: खसखस नेऊ नका. अमिरातीत खसखशीवर बंदी आहे, अफूच्या बोंडातली म्हणून. आपल्याकडे दिवाळीत अनारशावर खसखस, डिंकाच्या लाडवात खसखस, गोकाकच्या करदंटातही बहुतेक वेळा असते. आईंनी डबे भरायला घेतले की प्रत्येक डबा उघडून बघा. "एवढीशी तर आहे" हे विमानतळावर चालत नाही. कुंदा बिनधास्त न्या.

औषधं मूळ पाकिटात आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. खोकल्याचं कोडीनवालं औषध किंवा ट्रामाडॉलची गोळी घरातल्या औषधाच्या डब्यातून चुकून सोबत जाते, ती तिथं परवानगीशिवाय चालत नाही.

जेवणाचं: नुसता नाश्ता, नाश्ता आणि रात्रीचं, की सगळंच, असे तीन प्रकार असतात. सगळंच घेतलं तर पैसे वसूल करायच्या नादात सगळे चौथ्या दिवशी पोट धरून बसतात. नाश्ता आणि रात्रीचं पुरतं. दुपारी दही, फळं, खाकरा. भात आणि डाळ बुफेत जवळजवळ रोज असते, पण आपली आमटी नव्हे. चटणी आणि मेतकूट पिशवीत ठेवाच.

खोलीतले सॉकेट तीन चपट्या खिळ्यांचे, ब्रिटिश पद्धतीचे. आपला चार्जर जात नाही. दोन अडॅप्टर इथूनच घ्या.

आणि साडी. हे कुणी सांगणार नाही म्हणून सांगते. तलावात साडी, सलवार काही चालत नाही, पोहण्याचाच कपडा लागतो. समुद्रात मात्र आमच्या सासूबाईंना कुणी अडवलं नाही.

लेन्स_कव्हर:
रास अल खैमा ठरलंच असेल तर ठीक, पण वाळवंटी किनाऱ्याचा खरा कस बघायचा तर इजिप्तचा तांबडा समुद्र. आम्ही हुरघाडाला गेलो होतो. आखातात मुख्यतः वाळू, तिथं किनाऱ्यापासूनच प्रवाळ. रिसॉर्टची लाकडी जेट्टी प्रवाळावरून पुढे नेलेली असते, टोकाला शिडी, शिडीवरून खाली उतरलं की थेट माशांच्या बाजारात. मात्र प्रवाळावर पाय ठेवायचा नाही, ते जिवंत असतं आणि कापतंही. बूट लागतात. वारा फार असतो. आईंच्या गुडघ्यांना शिडी झेपणार नाही, म्हणून तुमच्यासाठी आखातच बरं.

तिसरं_रेल्वे_गेट:
वाळवंटी किनारा हवाच असेल तर कच्छमधलं मांडवी का नको? पासपोर्ट नको, व्हिसा नको. रुक्मावती नदीच्या काठावर अजून लाकडी गलबतं बांधतात, ती बघायला मुलांना आवडतील.

राकसकोप:
मांडवीचं मनात होतं, पण भाऊ शारजात आहे, भूजला नाही.

सगळ्यांचे आभार. ठरलं. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात निघायचं, 1 नोव्हेंबरच्या कर्नाटक राज्योत्सवाच्या सुट्टीला (तिला कोण काय म्हणतं त्यात आत्ता शिरत नाही) दोन रजा जोडायच्या आणि शाळा चार दिवस बुडवायची. आईच्या पासपोर्टसाठी पोस्टातल्या केंद्रात जाऊन आलो. आधारवर एक जन्मतारीख, शाळेच्या दाखल्यावर दुसरी. आधी आधार दुरुस्त, मग अर्ज. आईचं म्हणणं, "मी दोनदा जन्मलोय म्हणून लिहून द्या की." व्हिसा विमान कंपनीमार्फतच काढतोय, परतीचं तिकीट आणि हॉटेलचं बुकिंग जोडून.

आल्यावर लिहीन.

राकसकोप:
आलो. उशीर झाला, कारण पहिले आठ दिवस कपडे आणि वाळू धुण्यात गेले. वाळू अजून पिशव्यांच्या शिवणीत सापडते. आपल्या किनाऱ्यासारखी जाड नाही, रव्यासारखी बारीक.

निघायच्या आदल्या रात्री करदंटाचा डबा निघाला. आईने ट्रंकेच्या तळाशी, शालीत गुंडाळून ठेवला होता. शहापूरच्या सूनबाईंचा प्रतिसाद वाचून दाखवला तरी तिचा विश्वास बसेना, शेवटी भावाने फोनवरून सांगितल्यावर डबा शेजाऱ्यांकडे गेला. मोपापर्यंत आई त्याबद्दलच बोलत होती.

विमानात तीन-साडेतीन तास. घड्याळ दीड तास मागे. दुबईहून रास अल खैमा गाडीने सव्वा तास. शहर संपलं की दोन्ही बाजूंना लालसर वाळू, मध्ये एखादं शमीचं झाड आणि कुंपणाआडचे उंट. मुलगी म्हणाली, "बाबा, इथे कुणी काहीच पेरलं नाही का?" आईने पहिल्यांदाच तोंड उघडलं: "पेरून काय करणार, पाऊस कुठाय."

रिसॉर्टबद्दल आधी तक्रार. "समुद्राकडची खोली" म्हणून जादा पैसे घेतले आणि समुद्र दिसायला गॅलरीच्या टोकाला जाऊन मान वाकडी करावी लागायची. समोर होतं वाहनतळ. भांडून तिसऱ्या दिवशी खोली बदलून मिळाली, आईच्या व्हीलचेअरचं कारण पुढे केल्यावर. बुकिंग करताना थेट समुद्रासमोरची खोली की बाजूने दिसणारी, हे लेखी विचारून घ्या. मनगटाला प्लास्टिकची पट्टी बांधतात, ती पाच दिवस काढायची नाही. आईच्या बांगड्यांमध्ये ती अडकत होती. "मला काय गुरासारखा बिल्ला लावलाय" म्हणून एक दिवस गेला.

आता मुख्य गोष्ट. पहिल्या सकाळी आई शहापुरी साडी नेसून मुलांबरोबर तलावाकाठी आली. मुलं पाण्यात. आईने पायरीवर बसून पाय सोडले तेवढ्यात शिट्टी वाजली. जीवरक्षक पोरगा आला आणि नम्रपणे इंग्रजीत काहीतरी म्हणाला. आईने माझ्याकडे बघितलं. मी काही सांगायच्या आत त्या पोराने तिच्या कपाळाकडे, साडीकडे बघून कन्नडमध्ये विचारलं, कुठल्या गावच्या? तो भटकळचा निघाला. मग काय, आईचं कन्नड सुटलं. साडीचे धागे गाळणीत अडकतात हे त्याने सांगितलं, तिने ऐकून घेतलं, आणि मग तिनेच त्याला विचारलं की तू एवढा लांब येऊन पाण्याकडे बघत का बसलायस. पाचही दिवस तो सकाळी तिला सावलीतली खुर्ची धरून ठेवायचा.

तलाव बंद म्हणून ती समुद्राकडे वळली. सकाळचे साडेसहा. भरती-ओहोटीचा फारसा आवाज नाही, लाट म्हणजे ताटातलं पाणी हललं तर होते तेवढी. मस्कतवासींनी सांगितल्याप्रमाणे पाय घासत घासत निघाली. मी एका बाजूला, मुलगी दुसऱ्या. पन्नास पावलं गेलो तरी पाणी गुडघ्यालाच. साडीचा घोळ पाण्यावर पसरून तिच्याभोवती गोल झाला, जांभळा, काठ पिवळा. कमरेइतक्या पाण्यात ती थांबली, ओंजळीत पाणी घेतलं, नुसतं जिभेला लावलं आणि म्हणाली, "मीठ जास्त झालंय." मुलगी म्हणाली, "आजी, 40 ग्रॅम आहे." (हा धागा तिने वाचला होता.) "कितीका ग्रॅम असेना, जास्त झालंय."

मग ती खाली बसली. पाण्यात. गळ्यापर्यंत. घरी जमिनीवर बसायचं तर दोन माणसं लागतात, भिंत लागते. इथे हात सोडून बसली आणि तशीच उठली. पुन्हा बसली. सात-आठ वेळा. तोंडाने काही बोलली नाही, पण दुसऱ्या दिवशी साडेपाचलाच दारात साडी खोचून उभी.

बाकीचं थोडक्यात. जेबेल जैसवर गेलो, 1934 मीटर, अमिरातीतला सर्वात उंच डोंगर. रस्ता सुरेख, वर चांगलाच गारवा, आणि गवताची काडी नाही. आई म्हणाली, "डोंगर सोलून ठेवलाय." आंबोलीच्या डोक्याने बघणाऱ्याला तो डोंगर समजत नाही, मलाही पहिला तासभर समजला नाही. नंतर ऊन कललं आणि दगडांचे थर वेगवेगळ्या रंगांचे दिसायला लागले, तेव्हा गाडीतून उतरलो. तिथं 2.83 किलोमीटर लांब तारेवरून लोंबकळत जायची सोय आहे. भाऊ गेला. आईने डोळे मिटून स्तोत्र म्हटलं.

सर्वात आवडलं ते जझीरत अल हमरा. मोती काढणाऱ्यांचं जुनं गाव, 1968 च्या सुमाराला लोक सोडून गेले. जपानी पाळीव मोती बाजारात आल्यावर आखातातल्या मोत्यांचा धंदा आधीच बसला होता. भिंती समुद्रातल्या प्रवाळाच्या दगडांच्या. जवळून बघितलं की दगडात मेंदूसारख्या वळ्या दिसतात. "पोवळ्याची घरं?" म्हणत आईने सुनेच्या मंगळसूत्रातलं पोवळं भिंतीजवळ धरून बघितलं. जमलं नाही, भिंत राखाडी. तिथली ओस पडलेली मशीद, वाऱ्यात एक दार वाजत होतं. मुलगा घाबरला, परत चल म्हणाला.

आणि एक गंमत. भावाच्या ओळखीच्या एका म्हाताऱ्या दुकानदाराने सांगितलं, त्याच्या लहानपणी तिथं रुपयेच चालत. नंतर शोधलं, खरं आहे. रिझर्व्ह बँकेने 1959 मध्ये आखातासाठी वेगळ्या नोटा काढल्या होत्या, 1966 मध्ये रुपयाचं अवमूल्यन झालं आणि त्यांनी तो सोडला. आई म्हणाली, "बघ, आपल्याच पैशावर बसलेत."

तोटे: मुलाचे खांदे दुसऱ्या दिवशी भाजले, ढगाळ आहे म्हणून मलम लावलं नव्हतं. चौथ्या दिवशी वारा सुटला, बावटा लाल, मुलं दिवसभर खोलीत एकमेकांच्या उरावर. पाच रात्री जास्तच होतात, चार पुरे.

शहापूरची_सून:
साडीचं काय झालं? खाऱ्या पाण्याने सुती रंग उतरतो.

राकसकोप:
रोज न्हाणीघरात गोड्या पाण्यात दोनदा पिळली. भावाने सांगितलं की नळाचं पाणीही समुद्राचंच, मीठ काढून केलेलं, आणि ते करायला किती वीज जाते. तेव्हापासून आई बादलीत मोजून पाणी घ्यायची आणि आम्हाला शॉवर बंद करायला लावायची. रंग थोडा गेला. ती ती साडी आता पोहायची म्हणून वेगळी ठेवते.

मस्कतवासी:
गुडघ्यांचं वाचून बरं वाटलं. खारटपणाचा भाग थोडाच, मुख्य म्हणजे पाणी अंगाचा भार घेतं. गुडघ्याच्या व्यायामासाठी डॉक्टर पाण्यात चालायला सांगतात ते यासाठीच. आपल्या गावात गोड्या पाण्याच्या तलावातही होईल.

तिसरं_रेल्वे_गेट:
शेजाऱ्यांनी करदंट परत दिलं का?

राकसकोप:
रिकामा डबा दिला. धुऊन.

निपाणीकर:
वाचलं सगळं. बरं लिवलंय. आईंना विचारा, आता पुढं कुठं?

राकसकोप:
विचारलं. वेंगुर्ला, येत्या रविवारी. म्हणते, तिथलं पाणी कधी जिभेला लावून बघितलं नव्हतं.

निपाणीकर:
आंबोलीत धुकं असतंय सकाळी. सावकाश जावा.